स्लॅबचा पेढा

"स्लॅबचा पेढा म्हणे. नुसती साखर करकरतेय दाताखाली. खवा कुठं गेला ह्यातला?"

चंद्रप्रभावहिनी हे पुटपुटल्या ते अगदी अहिल्येच्या कानाशी. जिन्याच्या वळणावर दोघींना उभं राहायला एकच पायरी होती. खाली पाण्याची मोटर घरघरत होती आणि दोघींच्या हातात रिकाम्या बादल्या होत्या. नावं ठेवत ठेवत वहिनींनी पेढा संपवला, बोट चाटलं आणि विचारलं, "तुमचा कधी?"

"काय?"

"पेढा गं. उल्हासच्या घराचा दुसरा स्लॅब पडला. तुमच्या घराला पहिल्यापासून सळयाच दिसतायत. कावळे बसून बसून वाकल्या असतील आता."

"सळया वाकत नाहीत वहिनी, कावळ्यांनी."

"ते खरं," वहिनी म्हणाल्या. "पण माणसं बघतात ना."

माणसं बघत होती हे खरंच होतं. करोल बागेच्या ह्या गल्लीत सगळे विट्याच्या बाजूचे. तिकडच्या कोरड्या रानांतून आजे-पणजे निघाले, देशभर पांगले आणि जिथं सोनार दिसला तिथं भट्टी टाकून बसले. सोनारांचे तुटके दागिने, कारखान्यांतली झाडणी वितळवायची, शुद्ध करायची आणि परत द्यायची. ह्याला गलाई म्हणायचं. दुसऱ्याचं सोनं आपल्या मुशीत असतं, म्हणून ह्या धंद्यात माणसाची पत आधी बघतात. ती बघायला दिल्लीत काही नव्हतं. इथं सगळेच भाड्याच्या दोन खोल्यांत. पत होती ती गावी. गावी घर चढत असलं की माणूस ठीक चाललाय. ज्याचं घर चढतंय तो लोकांचं सोनं घेऊन जाईल कुठं? म्हणून गावी स्लॅब पडला की इथं दुकानागणिक पेढे जायचे. घर थांबलं असलं तरी छपरावर निघालेल्या खांबांच्या सळया कुणी कापायच्या नाहीत. पुढचा मजला येणार आहे असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहायच्या.

गुणवंत आणि अहिल्येच्या घराच्या सळया त्यांची लेक लता शाळेत होती तेव्हापासून हे सांगत होत्या. लता आता मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासत होती.

"राजाभाऊ येणार आहेत रविवारी तुमच्याकडं," वहिनी जाता जाता म्हणाल्या. राजाभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. मोठ्या सराफांचं काम गल्लीत कुठल्या भट्टीवर जायचं ते राजाभाऊंच्या शब्दावर ठरायचं. "बघतो म्हणाले गुणवंतचं काय चाललंय. सहज हं. तू काळजी करू नकोस."

मोटर बंद पडली. अहिल्येची बादली अर्धीच भरली.

*

नोटा बंद झाल्या त्या हिवाळ्यापासून धंदा मेला होता. सोनारांकडचे बंगाली कारागीर गावी गेले, त्यातले निम्मे परतलेच नाहीत. आता मे महिना. लू अशी वाहायची की दुपारी गल्लीतलं कुत्रंही दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरायचं. अशात भट्टीपुढं बसायचं म्हणजे तव्यावर बसण्यातला प्रकार.

भट्टी दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात होती. मध्ये जाड कापडाचा पडदा. पुढं गादी, तराजू आणि गुणवंत. मागं भट्टी, तेजाबाचे बुधले, कोळशाचं पोतं आणि अहिल्या.

बाईनं भट्टीपुढं बसायचं नाही, अशी ह्या धंद्यात रीत. का, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. झाडणी चाळायला बाई चालते, राख धुवायला चालते. सोनाराच्या दुकानातली पायपुसणीसुद्धा जाळून, कुटून, तिची राख पाण्यात घोळून घोळून सोन्याचा कण काढायला बाईच लागते. त्यात कंबर जाते आणि कंबर बाईची असते. मूस उचलायची ती मात्र पुरुषानं.

"भाभीजी, भैया हैं?" विश्वजित आला होता, पडद्याकडे बघून विचारत होता. जे थोडे कारागीर परत आले त्यातला एक. त्याच्या कागदाच्या पुडीत चांदीचे तुटके वाळे-पैंजण होते.

"हैं ना. बैठो," गुणवंतनं गादीवरून उठत स्वतःच उत्तर दिलं. पुडी तोलली, विश्वजितला वजन दाखवलं आणि पडद्याआड आला. आत येऊन तो कोळशाच्या पोत्यावर टेकला. गादीपासून पोत्यापर्यंत चार पावलं, पण दम लागला होता. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

अहिल्येनं पदर खोचला. मुशीत चांदी टाकली, मूस निखाऱ्यात बसवली, भाता सुरू केला. चांदी आधी कडांना ओशाळते, मग मधोमध खचते, मग एकदम सगळी हार मानून आरशासारखी होते. तिनं टाकणखाराची चिमूट टाकली. मळ वर आला, तो सळीनं बाजूला केला. मग सांडशीनं मूस धरली, आणि लोखंडी साच्यात एका दमात ओतली. साच्याला लावलेलं तेल भक्कन पेटलं आणि विझलं. तिच्या उजव्या मनगटावर अशा ठिणग्यांचे बारीक डाग होते. ती बांगड्या त्याच्यावर ओढून ठेवायची.

प्रत्येक वेळी ओतून झालं की ती तांब्यात हात बुडवायची आणि गुणवंतच्या कपाळावर, गळ्यावर पाणी शिंपडायची. दोन थेंब मिशीवर.

"जास्त नको," तो कुजबुजायचा. "परवा सदऱ्यावरच ओघळलं."

"परवा कूलर बंद होता. तुम्हाला घाम यायलाच पाहिजे होता."

"आज?"

"आज बेताचा येईल."

गुणवंत घामाघूम होऊन पडद्याबाहेर जायचा, सांडशीत चांदीची लगड धरून. विश्वजित लगडीपेक्षा त्याच्या कपाळाकडे जास्त बघायचा. मग म्हणायचा, "बहुत गर्मी है भैया." गुणवंत म्हणायचा, "काम ही ऐसा है."

विश्वजितला माहीत होतं. समोरच्या चहावाल्याला माहीत होतं. चंद्रप्रभावहिनींना तर पहिल्या आठवड्यात कळलं असणार, कारण अहिल्येच्या भुवया जळाल्या होत्या आणि वहिनींनी आपण होऊन काजळाची पेन्सिल आणून दिली होती. का आणली ते सांगितलं नव्हतं. अहिल्येनंही विचारलं नव्हतं. गेल्या दिवाळीला डॉक्टरांनी गुणवंतची छाती तपासून सांगितलं होतं, भट्टीपासून आणि तेजाबाच्या वाफेपासून लांब राहायचं. दोघांनी ते ऐकलं, मेट्रोनं घरी आले, वाटेत पपई घेतली आणि त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सांडशी उचलली, एवढंच.

तेजाब उकळताना पिवळसर-तांबूस वाफ निघायची. ती जायला भिंतीत एक झरोका होता, त्यात कबुतरानं घरटं केलेलं. अहिल्येनं पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावून माप घेऊन ठेवलं होतं. भट्टीवर पत्र्याचं टोपडं, त्याला पंखा आणि थेट गच्चीवर जाणारं धुराडं. जागेचा मालकही हो म्हणाला होता.

"आधी स्लॅब," गुणवंत म्हणायचा. "धुराडं मग. धुराडं कुणाला दिसतं?"

"धूर दिसतो."

"धूर सगळ्यांचाच दिसतो."

*

भाऊसाहेब शनिवारी सकाळी गाडीनं उतरले. गुणवंतचे थोरले भाऊ. गावचं घर त्यांच्या देखरेखीखाली चढत होतं, म्हणजे चढत नव्हतं. शेंगदाण्याची पिशवी, गूळ, खर्ड्याची बाटली असं सगळं ओट्यावर मांडून त्यांनी मोबाईल काढला.

"हे बघ गुणा. उल्हासचं. पुढून गोल खांब घेतलेत. हे राजाभाऊंचं. लिफ्ट बसवलीय."

"राहतं कोण तिथं?" अहिल्येनं पोळी लाटता लाटता विचारलं.

"राखणदार आहे की."

"लिफ्टनं वर जातो?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आणि हे आपलं."

आपलं घर फोटोत छोटं दिसत होतं. खालचा मजला, निळा रंग, बंद खिडक्या. वर गंजून तांबूस झालेल्या सळया, आभाळात हात वर करून उभ्या. एका सळईला कुणीतरी जुना बूट अडकवला होता, नजर लागू नये म्हणून.

लता दुपारी मानेसरहून आली. कंपनीच्या बसनं अर्ध्या वाटेपर्यंत, मग मेट्रोनं. तिनं काकांच्या पाया पडून फोटो बघितला. "काका, ते वरचे रॉड अजून तसेच?"

"सळया म्हण पोरी."

"हां, सळया. यार, त्या रस्ट होतायत पूर्ण."

"म्हणून तर आलोय. मिक्सर सांगून ठेवलाय. पावसाच्या आत टाकून घेऊ. गावात सांगितलंय सगळ्यांना. सेंट्रिंगवाला सोमवारी फळ्या ठोकायला घेतो." भाऊसाहेबांनी गुणवंतच्या मांडीवर थाप मारली. "राजाभाऊ उद्या येतायत ना तुझ्याकडं? मग त्यांच्या कानावर स्लॅबची तारीख गेली पाहिजे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून काम उल्हासकडं. तुझ्या भट्टीवर माश्या."

गुणवंत मान हलवत होता. हो म्हणतोय की शिट्टी दाबतोय ते कळत नव्हतं.

"कशातनं टाकायचा?" अहिल्येनं विचारलं.

"आहे की ते. धुराड्याचा म्हणून ठेवलाय तो पैसा. बाकी मी बघतो गावी."

तव्यावर पोळी करपली. अहिल्येनं ती उलटली नाही, सरळ काढून बाजूला ठेवली.

"धुराड्याला हात लावायचा नाही, भाऊजी."

थोरल्या दिराला असं तोंडावर बोलायची ही तिची पहिली वेळ. तिचा पदर डोक्यावर होता, हातावर पीठ होतं. आवाज चढलेला नव्हता.

"अगं, तो पत्र्याचा नळा. तो कोण बघायला येणार आहे?"

"कुणी नको बघायला."

"गुणा, हिला समजाव."

गुणवंतनं शेंगदाण्याची पिशवी उघडली, एक दाणा सोलला, आणि हातातच धरून ठेवला. "बघू," तो म्हणाला.

लता आईकडे बघत होती. अहिल्या वळून भिंतीकडे तोंड करून खोकली, दोनदा, दाबून. लताच्या कपाळाला आठी पडली. "आई, तुला कधीपासून खोकला?"

"पीठ गेलं घशात."

"पीठ रोज जातं का?"

"तू जेवून घे," अहिल्या म्हणाली. "करपलेली माझ्या ताटात टाक."

*

रविवारी गल्ली बंद असते, पण भट्ट्या नसतात. राजाभाऊ दुपारी आले. पांढरा सदरा, अंगाला खसाच्या अत्तराचा वास, मागं चंद्रप्रभावहिनी. वहिनींना यायचं काही कारण नव्हतं, पण त्या आल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या. लतानं सगळ्यांना ताक दिलं. भाऊसाहेब गादीवर गुणवंतच्या बाजूला. अहिल्या पडद्याला टेकून उभी.

"काय गुणवंता. कसं काय?"

"चाललंय की राजाभाऊ. तुमच्या कृपेनं."

"माझी कसली कृपा. बाजार बसलाय नुसता. तीन घरांनी भट्टी विझवली ह्या उन्हाळ्यात." ताकाचा घोट घेऊन त्यांनी मिशी पुसली. "सराफ विचारतात मला, राजाभाऊ, कुणाकडं द्यायचं? मी काय सांगणार. मी सांगतो ज्याचं चढतंय त्याच्याकडं द्या. मला दुसरं काही कळत नाही."

"आमचं चढतंय राजाभाऊ," भाऊसाहेब पुढं सरकले. "उद्यापासून सेंट्रिंग. पावसाच्या आत स्लॅब. पेढे सांगायचेत तुमच्याच ओळखीनं."

"वा."

"खव्याचे सांगा," चंद्रप्रभावहिनी म्हणाल्या.

"स्लॅब पडणार नाही," अहिल्या म्हणाली.

भाऊसाहेबांचा हात हवेत राहिला. राजाभाऊंनी आवाज कुठून आला म्हणून पडद्याकडे बघितलं, तिथं ती उभी होती.

"सेंट्रिंगवाल्याला सांगा उद्या येऊ नको म्हणून. आणि येणारच असेल तर कटर घेऊन ये म्हणावं. सळया कापून टाका. वर सिमेंटनं लिंपून घ्या, म्हणजे खालच्या मजल्यात पाणी गळायचं थांबेल."

"अहिल्या!" भाऊसाहेबांच्या तोंडातून निघालं.

"कापून टाका," ती पुन्हा म्हणाली. "वर कुणी यायचं नाहीये. लता यायची नाही. आम्ही दोघं गावी गेलो कधी तर खालच्या दोन खोल्या आम्हाला जास्त होतात."

राजाभाऊ हसले. रागावले नव्हते, लहान मुलानं काहीतरी बोलावं तसे हसले. "अहिल्यावहिनी, सळया कापलेलं घर म्हणजे काय वाचतं गाव, माहितेय? हा माणूस संपला. मग त्या माणसाच्या मुशीत सोनं कोण टाकेल?"

"घर तिकडं आहे. मूस इथं आहे. ज्याला सोनं टाकायचं त्यानं मुशीकडं बघावं."

"बघू की." राजाभाऊंनी सदऱ्याच्या आतून एक रुमालाची गाठ काढली आणि तराजूशेजारी ठेवली. "हे मोठ्या पेढीचं आहे. उद्या कुणाकडं तरी जाणारच होतं. गुणवंता, तूच कर. आत्ता. मी बसलोय. बरेच दिवस झाले तुझ्या हातचं बघून."

चंद्रप्रभावहिनी ग्लासाच्या तळातलं ताक बघत राहिल्या.

गुणवंतनं गाठ सोडली. सोनं होतं, मोडीतलं, बांगड्यांचे तुकडे, एक फुटकी नथ. त्यानं तोललं, राजाभाऊंना दाखवलं. मग उठला. पडद्याजवळ अहिल्या होती तिच्यामागं आत गेला. पडदा पडला.

आत भट्टी आधीच पेटलेली होती. सकाळपासून तेजाब चढवलेलं, वाफ छताशी साठून राहिली होती. गुणवंत पोत्यावर टेकला. अहिल्येनं सोनं मुशीत टाकलं. पडद्यापलीकडून राजाभाऊंचा आवाज येत होता, लिफ्टबद्दल, कुठल्या कंपनीची ते. भाऊसाहेब हो हो म्हणत होते.

भट्टीच्या उजेडात गुणवंत तिच्याकडे बघत होता. जळून पुन्हा उगवलेल्या, अजून विरळ भुवया. ओठ घट्ट मिटलेले, कारण तोंड उघडलं की वाफ आत जाते. हे त्यानंच तिला शिकवलं होतं. सोनं खचलं. तिनं टाकणखार टाकला. मूस उचलली.

ओतताना तिला ढास लागली. तोंड मिटूनच, नाकानं, सगळं अंग आवळून ती खोकली. सोन्याची धार मात्र तुटली नाही. साच्यात शेवटचा थेंब पडला, तेल भडकलं, मूस खाली ठेवली आणि मग ती वाकली. मग तो खोकला थांबेना. कोरडा, खरवडणारा, आणि शेवटी एक बारीक शिट्टी.

ती शिट्टी गुणवंतनं ओळखली.

"काय रे गुणवंता," राजाभाऊ बाहेरून म्हणाले, "खोकला गेला नाही वाटतं अजून. तेव्हाच म्हणत होतो, गावी जा हवापालटाला. वरच्या मजल्यावर वारा चांगला लागतो."

अहिल्येनं डोळे पुसले. लगड थंड होऊ दिली, सांडशीत धरून त्याच्या हातात दिली. सवयीनं तांब्यात हात बुडवला आणि त्याच्या कपाळाकडे नेला.

त्यानं तिचं मनगट धरलं. बांगड्या वर सरकल्या, खालचे डाग दिसले. पाणी त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर गळलं.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, कोरडे जाल."

"कोरडाच जातो."

तो पोत्यावरून उठला, जरा थांबला, श्वास गोळा केला. मग त्यानं पडदा धरला आणि बाजूला केला. नेहमी स्वतःपुरता करायचा तसा नाही. सगळा, पार भिंतीच्या खिळ्यापर्यंत ओढला आणि खिळ्याला अडकवला. उन्हाचा आणि भट्टीचा उजेड एकमेकांत मिसळला. गादीवरून आतलं सगळं दिसत होतं: निखारे, तेजाबाचे बुधले, झरोक्यातलं घरटं, पदर खोचून मुशीपाशी उभी असलेली बाई, तिच्या हातात सांडशी.

लता दारापाशी उभी राहिली. भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं.

गुणवंतनं लगड राजाभाऊंच्या समोर तराजूत ठेवली. त्याचं कपाळ कोरडं होतं. मिशी कोरडी होती. राजाभाऊंनी आधी लगडीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि नजर आत भट्टीकडे जायला लागली तशी खाली घेतली, जसं गल्लीतला प्रत्येक माणूस गेल्या दिवाळीपासून घेत आला होता.

"तो खोकला माझा नव्हता, राजाभाऊ," गुणवंत म्हणाला. "हिचा होता. माझ्यानं आता होत नाही. भट्टी ही चालवते."